दहावी झालेलं एकही मूल घरी बसू देऊ नका

दहावीचा निकाल लागला. पेढे वाटून झाले, मोबाइलच्या स्टेटसवर फोटो झळकले, नव्वदच्या पुढच्यांचे सत्कारही होतील. तुमच्या घरी पेढे आले असतील तर मनापासून अभिनंदन. आले नसतील तर हे आवाहन आधी तुम्हाला आहे. हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवा आणि वाचा. येत्या काही आठवड्यांत तुमच्या मुलाचं, तुमच्या मुलीचं पुढचं बरंच काही ठरून जाणार आहे. बहुतेक घरांत ते घाईघाईत ठरतं, दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून ठरतं, नाहीतर वेळेवर काही केलंच नाही म्हणून आपोआप ठरतं.

या आपोआप ठरण्याचीच सगळ्यात जास्त भीती आहे. कायद्याने शिक्षण सक्तीचं आहे ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. पुढची दोन वर्षं शाळा मुलांना धरून ठेवते. मूल चार दिवस आलं नाही तर सर घरी येतात, बाई फोन करतात. दहावीचा निकाल लागला की तो हजेरीपट मिटतो. शाळा दाखला हातात देते आणि तिचं काम संपतं. कॉलेजला हे मूल अजून माहीतच नसतं. मधल्या या दिवसांत त्याचं नाव कुठल्याच पटावर नसतं. ते आलं नाही, गेलं कुठे, हे विचारायला कुणीही बांधील नसतं. विचारणारे फक्त तुम्ही आहात.

म्हणून विचारा. स्वतःच्या मुलाला विचारा, पुतणीला विचारा, भाच्याला विचारा. तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा मुलगा यंदा दहावीला होता ना? सोसायटीच्या वॉचमनची मुलगी? शेजारच्या वस्तीवरचा पोरगा, जो परीक्षेच्या दिवशी तुमच्याच गाडीवर बसून केंद्रावर गेला होता? त्यांना विचारा. 'किती पडले?' हा प्रश्न गावभर विचारून झालाय, तो नको. असं विचारा : 'फॉर्म भरलास का? कुठला भरलास? कुणी भरून दिला?' या तीन प्रश्नांनी कितीतरी पोरं वाचतात.

जागा नाहीत म्हणून मुलं घरी बसतात, असा समज असेल तर तो काढून टाका. २०२५ साली राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. पंधरा लाखांवर नियमित विद्यार्थी परीक्षेला बसले होते. त्यातले साडेचौदा लाखांच्या आसपास पास झाले, आणि अकरावीच्या जागा राज्यभर मिळून वीस लाखांहून जास्त होत्या. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या जागा त्याहून वेगळ्या. जागा आहेत. त्या जागेपर्यंत मुलाला हाताला धरून नेणारं माणूस नसतं. तेवढं माणूस तुम्ही व्हा.

आता फॉर्म कसा भरला जातो ते बघा. मूल एकटं सायबर कॅफेत जातं. बाहेर रांग असते. कॅफेतला पोरगा मान वर न करता विचारतो, 'सायन्स ना?' मूल मान डोलावतं. पसंतीक्रमात कॉलेजं भराभर टाकली जातात. त्यातलं अनुदानित कुठलं, भरमसाट फी घेणारं कुठलं, घरापासून एसटीने किती लांब, हे कुणी बघत नाही. मोबाइल नंबर कॅफेवाल्याचाच टाकला जातो, कारण मुलाकडे फोन नाही आणि वडील कामावर आहेत. पासवर्ड एका चिटोऱ्यावर लिहिलेला असतो. यादी लागते तेव्हा मेसेज कॅफेवाल्याच्या फोनवर येतो. त्याच्याकडे असे कितीतरी मेसेज येऊन पडलेले असतात. मुलाला कळेपर्यंत प्रवेश निश्चित करायची मुदत उलटून गेलेली असते. निकालानंतर आम्ही शिक्षक शाळेच्या कचेरीत फॉर्म भरायला बसतो. मुदत उलटल्यावर तो चिटोरा मुठीत धरून आलेले आईवडील दरवर्षी समोर उभे राहतात. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

हे तुम्ही टाळू शकता. एक दिवसाचा खाडा करा, पण फॉर्म भरताना मुलाशेजारी बसा. नंबर तुमचा टाका. पासवर्ड घरातल्या वहीत लिहा. भरलेल्या फॉर्मची प्रिंट घ्या आणि ती वाचून बघा. २०२५पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. म्हणजे खेड्यातल्या, तालुक्याच्या गावातल्या पालकांना ही सगळी भानगड नवीन आहे. तिथे शहरात नोकरी करणाऱ्या काकाने, मामाने सुट्टी काढून यावं. एक नियम तर आत्ताच सगळ्यांना सांगा : पहिल्या पसंतीचं कॉलेज यादीत लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मूल बाहेर पडतं. तेव्हा पहिल्या क्रमांकावर जे लिहाल ते लिहिण्याआधी कॉलेज डोळ्यांनी बघून या. आणि खाली दोनच नावं देऊन थांबू नका. जेवढी देता येतात तेवढी द्या.

कागदपत्रांचंही तसंच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल. जून-जुलैत सेतू केंद्रासमोर सकाळपासून रांग लागते, सर्व्हर बंद पडतो, तलाठ्याची सही राहते. हे दाखले नसतील तर सवलत बुडते, आणि सवलत बुडाली की गरिबाच्या घरात लगेच 'राहू दे मग' असं म्हटलं जातं. उद्या नको, आज अर्ज टाका. पावती जपा. शाळेतून दाखला घेताना त्यावरचं नाव, जन्मतारीख, जात अक्षर न् अक्षर वाचा आणि आधार कार्डाशी ताडून बघा. चूक दिसली तर तिथेच, त्याच टेबलावर हट्टाने दुरुस्त करून मागा. एकदा शाळा सुटली की ती दुरुस्ती करायला चपला झिजतात. मुलाचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघा. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती थेट तिथेच जमा होते.

आता दुसऱ्या टोकाचा धोका. इथे मूल घरी बसत नाही. त्याला नको तिथे बसवलं जातं.

मार्क चांगले पडले की घरात सभा भरते. आत्या म्हणते डॉक्टर, काका म्हणतो आयआयटी. ज्याचे मार्क आहेत तो कोपऱ्यात बसून पेढा खातो. निकाल लागायच्या आधीपासूनच क्लासवाल्यांचे फोन सुरू झालेले असतात. 'आजच्या आज भरलं तर फीमध्ये सूट, उद्या सीट राहणार नाही.' दोन वर्षांची फी लाखांत असते. दागिने गहाण पडतात, शेताच्या एका तुकड्याचं बोलणं सुरू होतं, आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोर लातूरला, नांदेडला, नाहीतर थेट कोट्याला एका खोलीत जाऊन पडतं. ज्याला मनापासून जायचंय त्याने जरूर जावं, त्याच्या पाठीशी उभे राहा. पण जो जातोय त्याला हे हवंय का, हे एकदा तरी दार लावून, बाकी सगळ्यांना बाहेर ठेवून त्याला विचारलंत का?

दुकानात शर्ट घ्यायला गेलो तरी आपण तो मुलाच्या पाठीला लावून बघतो, खांद्यात बसतो का, बाही पुरते का. आयुष्याची दोन वर्षं आणि घरची सगळी पुंजी लावताना एवढं तरी बघाच. पैसे भरायच्या आधी थांबा. क्लासमधून एखादं पोर मध्येच परत आलं तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी मागा. केंद्र सरकारने जानेवारी २०२४मध्ये शिकवण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नका आणि मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करा, असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. ते त्यांच्यासमोर बोलून दाखवा. जो उत्तर द्यायला टाळाटाळ करील, त्याच्याकडे पैसे भरू नका.

विषय निवडतानाही घाई करू नका. अकरावीला गणित सोडलं की इंजिनिअरिंगची वाट अवघड होते. बायोलॉजी सोडलं की डॉक्टर, पशुवैद्यक या वाटा अवघड होतात. आज सहज मारलेली टिकमार्क दोन वर्षांनी आडवी येते. सायन्सवाल्याला पुढे आर्ट्‌स-कॉमर्सला जाता येतं, उलटं येणं जवळपास होत नाही, हे खरं. पण एवढ्यासाठीच सगळ्यांना सायन्सला कोंबू नका. सीएच्या फाउंडेशन परीक्षेची नोंदणी दहावीनंतरही करता येते. पाच वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणाला बारावी कुठल्याही शाखेची चालते. एमपीएससीला पदवी कुठल्याही शाखेची चालते. आर्ट्‌सला 'उरलेल्यांची शाखा' म्हणणं आता बंद करा. मुलं ते ऐकतात आणि दोन वर्षं मान खाली घालून कॉलेजला जातात.

मग कळायचं कसं, पोराचं मन कशात आहे ते? तुम्हाला माहीत आहे. आठवून बघा. घरातला मिक्सर बंद पडला की स्क्रू-ड्रायव्हर कोण शोधतं? डेअरीला घातलेल्या दुधाचा महिन्याचा हिशेब कुणाला तोंडपाठ असतो? म्हैस अडली त्या रात्री गोठ्यात आजोबांबरोबर कोण बसून होतं? आजीच्या गोळ्यांच्या वेळा कुणाच्या लक्षात राहतात? गणपतीत मखर कोण करतं, आणि वर्गणीचा हिशेब कुणाकडे देतात? सोळा वर्षं तुम्ही हे पोर पाहिलंत. कुठल्याही चाचणीआधी तुमचा शब्द घ्यावा, इतकं तुम्हाला ठाऊक आहे. ते आता बोलून दाखवा. 'तुला हे छान येतं' असं आपल्या आईवडिलांच्या तोंडून मुलांनी क्वचितच ऐकलेलं असतं.

आणि मग त्याला बघायला घेऊन जा. नुसतं मोबाइलवर दाखवू नका. राज्यात चारशेहून जास्त सरकारी आयटीआय आहेत. तुमच्या तालुक्यातही बहुधा असेल. पोराला गाडीवर बसवा आणि जा. कार्यशाळेच्या दारात उभे राहा. फिटरच्या पहिल्या वर्षाची पोरं व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा आवळून कानस चालवत असतात. मुलगा चार-सहा वेळा कानस मारतो, तुकड्याला गुण्या लावतो आणि तो उजेडासमोर धरतो. गुण्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये बारीक फट दिसली, तिच्यातून उजेड आला, की पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात. पण त्या तुकड्याची कड खरोखर काटकोनात आली की पोर तो सगळ्यांना दाखवत फिरतं. तुमचं पोर हे किती वेळ टक लावून बघतं, की लगेच 'चला' म्हणतं, यावर नीट लक्ष ठेवा.

आयटीआय म्हणजे कमी मार्कवाल्यांची जागा, असं अजूनही घराघरांत बोललं जातं. ते चुकीचं आहे, आणि त्यात पोरांचं नुकसान आहे. सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनसारख्या ट्रेडला चांगली चुरस असते. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे. वेल्डर, प्लंबर एका वर्षाचे. काही ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात. तिथून अप्रेंटिस म्हणून कारखान्यात लागता येतं. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे मालकाला त्या काळात विद्यावेतन द्यावंच लागतं. पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे हातात आधी काम येतं आणि पदवीची वाटही उघडी राहते. दहावीनंतर सरळ तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा तर पॉलिटेक्निक आहेच. शेतीत मन असेल तर राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत दहावीनंतरचे पदविका अभ्यासक्रम चालतात. मात्र या प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तारीख वेगळी, वेबसाइट वेगळी. अकरावीचा फॉर्म भरला म्हणजे आयटीआयचा भरला, असं होत नाही. दोन्ही भरा. डिप्लोमात मन असेल तर तिसराही भरा.

एक गोष्ट खेड्यातल्या मुलांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवी. पहाटे उठून रस्त्यावर धावणारी, 'भरती मारायची' म्हणून पुस्तकं बाजूला ठेवणारी पोरं पाहिली की काळजात चर्र होतं. पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते. जो दहावीनंतर शाळा सोडून नुसता पळतोय, त्याला त्या मैदानात उभंही राहता येणार नाही. अशा पोराला थांबवा. पळायला नको म्हणू नका, पळू द्या. पण संध्याकाळी कॉलेजचा फॉर्म त्याच्या पुढ्यात ठेवा.

आणि जे नापास झाले त्यांचं काय? २०२५च्याच निकालात अशी नव्वद हजारांच्या आसपास मुलं होती. त्यांच्या घरात या वेळी फार शांतता असते, नाहीतर फार आरडाओरडा. तुमच्या घरात असं झालं असेल तर आधी एक करा. आज रात्री त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवा. 'आमचं नाक कापलंस' हे वाक्य गिळून टाका. शेजाऱ्याच्या मुलाचं नाव काढू नका. ते पोर जेवत नसेल, दार लावून बसत असेल, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं काही बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा मोफत नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. लाजू नका. फोन तुम्ही लावा आणि मग त्याच्या हातात द्या.

मग वाट शोधा. वाट आहे. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैतच होते, म्हणजे वर्ष जात नाही. मात्र तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत भरावा लागतो, आणि इथेच सगळं बिघडतं. पोर लाजेने शाळेत फिरकत नाही, पालक रागाने जात नाहीत, आणि तारीख निघून जाते. तुम्ही जा. त्याला बरोबर न्या, नाहीतर एकटे जा, पण जा. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची असेल, पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर त्यालाही ठरावीक मुदत असते. आणि ज्याची शाळा मागच्याच वर्षी, त्याच्या आधीच्या वर्षी सुटली, त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालय १९८९पासून हेच काम करतंय. शिक्षक मित्रांनो, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. तुमच्या वर्गातल्या नापास मुलांची यादी काढा आणि प्रत्येकाच्या घरी एक फोन करा. तो फोन तुमच्या कामाच्या यादीत नाही, हे माहीत आहे. तरी करा.

आता मुलींबद्दल बोलायचंय, आणि इथे आवाज चढला तर समजून घ्या.

पोरगी पास झाली. चांगली पास झाली. कॉलेज तालुक्याला आहे. 'एवढ्या लांब कशाला? एसटी वेळेवर नसते. दिवस वाईट आहेत.' मग ती घरी बसते. धाकट्या भावंडांना सांभाळते, स्वयंपाक करते. पुढच्या उन्हाळ्यात 'स्थळ चांगलं आलंय' असं कुणीतरी म्हणतं. मराठवाड्यात, बीडच्या, अहिल्यानगरच्या पट्ट्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. वयात आलेली मुलगी फडावर न्यायची भीती आणि गावात मागे एकटी ठेवायची भीती. मुकादम उचल देतो ती जोडप्याला, म्हणजे त्यांच्या भाषेत एका कोयत्याला. या सगळ्यातून सोळा-सतरा वर्षांच्या पोरीचं लग्न लागतं आणि ती स्वतःच अर्धा कोयता होऊन फडात उभी राहते. तिचे आईवडील दुष्ट नसतात. त्यांना दुसरं काही सुचलेलं नसतं, आणि कुणी सुचवलेलंही नसतं.

तुम्ही सुचवा. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजला जायला एसटीचा मोफत पास मिळतो, हे तिच्या आईला सांगा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं निघाली आहेत. मागासवर्गीय मुलींसाठी समाजकल्याण खात्याची वसतिगृहं आहेत. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, त्यातून राहण्या-जेवणाला पैसे मिळतात. आयटीआयत तीस टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात. तिच्या वडिलांना घेऊन समाजकल्याणच्या कार्यालयात जा. एकट्याने जायला ते बिचकतात. तुम्ही बरोबर असलात की जातात. गावातून चार मुली एकाच एसटीने जाणार असतील तर चारही घरांची भीती कमी होते, म्हणून चारही घरांना एकदा एका ओट्यावर बसवा. पहिल्या आठवड्यात एखाद्या काकूने, आजीने त्यांच्याबरोबर तालुक्यापर्यंत जाऊन यावं.

आणि लग्नाची बोलणी सुरू झालीच असतील तर गप्प बसू नका. मुलीला अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो लग्न लावणाऱ्यालाही होतो. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. आधी घरी जाऊन प्रेमाने बोला. ऐकलं नाही तर मुलांसाठीच्या १०९८ या मदत क्रमांकाला फोन करा. फोन करणाऱ्याचं नाव बाहेर जात नाही. 'आपल्याला काय करायचंय लोकांच्या घरात' असं मनात येईल. त्या क्षणी त्या पोरीचा शाळेतला चेहरा डोळ्यांपुढे आणा.

काही घरं अशीही आहेत की तिथे पैसा आजच लागतो. वडील अंथरुणावर आहेत, आईचे हात थकलेत. तिथे 'शिक, शिक' असं नुसतं सांगणं सोपं आहे, पोटात मात्र भात हवा. कामाला लागलेल्या पोराला कुणीही कमी लेखू नये. पण त्याचं काम बघून या. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामाला लावणं कायद्याने बंद आहे. फटाके, खाणी, घातक रसायनांचे कारखाने, तिथे सोळाव्या वर्षी कुणीही जाता कामा नये. गॅरेजमध्ये असेल, दुकानात असेल, तर मालकाशी बोला. त्याला सांगा, या पोराचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी हवी. बरेच मालक हो म्हणतात, कारण तेही कधीतरी असेच कामाला लागलेले असतात. मोठ्या शहरांत रात्रीची कॉलेजं आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवून शिकणारी पोरं घडवली. त्या पोरांची नातवंडं आज आपल्यात आहेत. तुम्हीच असाल कदाचित. मग आता तुमच्या दुकानात, तुमच्या शेतावर, तुमच्या ऑफिसात असलेल्या एका पोराची परीक्षा फी तुम्ही भरा. त्याच्या पुस्तकांचं बघा. संध्याकाळी त्याला एक तास आधी सोडा.

काही जणांना हे वाचेपर्यंत उशीर झालेला असेल. यादी लागून गेली असेल, पहिली फेरी, दुसरी फेरी संपली असेल, आणि पोर मोबाइल घेऊन ओट्यावर बसलेलं असेल. म्हणजे सगळं संपलं असं समजू नका. अकरावीच्या नियमित फेऱ्यांनंतर उरलेल्या जागांसाठी आणखी फेरी होते. आयटीआयतही शेवटी संस्था स्तरावर समुपदेशन फेरी होते आणि रिकाम्या जागा त्या दिवशी समोर हजर असलेल्या मुलांना मिळतात. हजर असलेल्यांना. घरी बसलेल्यांना नाही. तेव्हा कुणाच्या फोनची वाट बघू नका. उद्या सकाळी मूळ गुणपत्रिका, शाळेचा दाखला, आधार कार्ड, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, फोटो आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स एका पिशवीत घाला. उत्पन्नाचा दाखला अजून आला नसेल तर सेतूची पावती घाला. कचेरी उघडायच्या आधी तालुक्याला पोहोचा, पोराला बरोबर घ्या, आणि शेजारच्या घरातलंही एखादं पोर घरी बसलेलं असेल तर त्यालाही गाडीत घ्या.